चुन्याचं अंडं

"कोंबडा आज द्यायचा की बाजाराच्या दिवशी, एवढंच सांगा. द्यायचा की नाही, हे आता विचारू नका," सून म्हणाली.

ती उंबऱ्यावर एक पाय लांब करून बसली होती. पोटरीला बांधलेलं फडकं सोडलं तसा वास आला. जखम बोटाच्या पेराएवढीच होती, पण खोल होती, आणि भोवतीची कातडी वांग्यासारखी जांभळी, तुकतुकीत झाली होती. बाहेर तीच ती झिमझिम चालली होती. गेले कित्येक दिवस आभाळ असं गळत होतं. धड पडत नव्हतं, धड थांबत नव्हतं. बांधाच्या खालच्या अंगाला पाणी साचून बटाटे जमिनीतच कुजायला लागले होते. हाताला हात लावून ते उपसायचे दिवस, आणि घरातला एक माणूस असा पाय धरून बसलेला.

म्हातारी चुलीपुढं वाटाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"आधी हे सांग, तो तुझ्याच अंगावर का येतो?" ती म्हणाली. "माझ्या येत नाही. ह्याच्या येत नाही. भिंतीपलीकडची शेजारीण रोज येते, तिच्या येत नाही. तो कोंबडीवाला, पाय धरून कोंबड्या उलट्या टांगतो मेला, त्याच्यासुद्धा कधी आला नाही. मग तुझ्याच का?"

"त्यालाच विचारा. तुमचा लाडका आहे."

"विचारायला कशाला पाहिजे? जनावराला माणूस कळतं."

मुलगा दारात कुदळीचा चिखल खरवडत उभा होता. त्याचा हात थांबला. "आई, पुरे," तो म्हणाला.

"मी काय वावगं बोलले?"

"काही नाही बोललीस. पण पाय बघितलास का तिचा? उद्या आत विष चढलं तर? बटाटे गेले तर गेले, पाय गेला तर काय करू मी?"

म्हातारीनं पाय बघितला नव्हता. तिला तो दिसतच नव्हता. वास मात्र आला होता. पण ती म्हणाली, "कोंबडा कुठंही जायचा नाही." आणि शेंगांचं टोपलं पुढं ओढलं.

"बाजाराच्या दिवशी कोंबडीवाला येईल, तेव्हा देऊन टाकू," मुलगा म्हणाला, आणि कुदळ भिंतीला टेकवून हात धुवायला गेला.

कोंबड्याचं नाव फौजदार. नाव सुनेनंच ठेवलेलं, लग्न होऊन आली त्या वर्षी. तेव्हा तो मुठीएवढा होता आणि तेव्हाही छाती काढून चालायचा. म्हातारीनं जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण इतक्या खोडीचा कोंबडा तिच्याही बघण्यात नव्हता. दाणे टाकले तर हा आधी खायचा नाही. एक दाणा चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि कुक-कुक-कुक करून सगळ्या कोंबड्यांना बोलवायचा. त्या आल्या की आपण बाजूला सरून, घरात कार्य असलेल्या यजमानासारखा, कुणाला कमी नाही ना पडलं, असा बघत उभा राहायचा. आणि लबाडही तेवढाच. कधी चोचीत दाणा नसायचाच, नुसता खडा. कोंबड्या धावत यायच्या, फसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत यायच्या.

"पुरुषाची जात," भिंतीपलीकडची म्हणायची. "त्यांनी खडा दाखवायचा आणि आपण पळत जायचं."

दोन कोंबड्या भांडल्या तर हा मध्ये जाऊन उभा. कुणी ट्रॅक्टर सुरू केला की हा आरवलाच, मग दुपार असो की तिन्हीसांज. आणि सगळ्यांत नवल म्हणजे अंड्याची जागा हा ठरवायचा. स्वतः टोपलीत जाऊन बसायचा, गोल फिरायचा, छातीनं पेंढा दाबायचा आणि घशातल्या घशात गुरगुरत एखाद्या नवख्या तलंगेला, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबडीला, बोलवायचा. ती येऊन बसली की हा बाहेर पहाऱ्याला. आभाळात घार आली तर एक लांबट, बारीक शीळ. जमिनीवरून कुत्रं-मांजर आलं तर कॅक-कॅक-कॅक. घरचं माणूस आलं तर नुसता हुंकार.

ही सगळी भाषा म्हातारीला येत होती. आणि अलीकडं ती ह्या भाषेवरच दिवस काढत होती.

तिचं समोरचं दिसणं गेलं होतं. कडेचं दिसायचं. ज्याच्याकडं बघावं तिथंच नेमका धुरकट डाग, आणि डागाच्या भोवतीचं जग जसंच्या तसं. माणसाचे खांदे दिसायचे, तोंड नाही. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हा मोतीबिंदू नव्हे, आतला पडदा सुकलाय. आहे तेवढं सांभाळा. घरी येऊन तिनं सांगितलं, थेंब दिलेत. कुणाकडं बघायचं झालं तर ती मान तिरकी करायची, म्हणजे डाग बाजूला सरायचा.

"कोंबड्यांत राहून कोंबडीसारखी बघायला लागलीस गं," भिंतीपलीकडची एकदा हसून म्हणाली होती. म्हातारीही हसली होती. हसता हसता तिनं मान सरळ केली होती.

घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तिनं डोळे चांगले असताना बघितलं होतं. तिच्या थोरल्या जावेला एकदा भोवळ आली. आधी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, मग बादली, मग कपाटाची किल्ली. सगळं मायेनंच. "तुम्ही आता बसा." बसली ती बसलीच. भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग पडेपर्यंत बसली, आणि गेली तेव्हा त्या डागाखेरीज तिचं म्हणून त्या घरात काही राहिलं नव्हतं.

म्हातारीचं म्हणून अजून काहीतरी होतं. खुराडं होतं. खुराडं म्हणजे म्हाताऱ्याची हत्यारं ठेवायची जुनी खोली. म्हातारा गवंडी होता. तो गेल्यावर थापी-ओळंबे विकले गेले, आणि त्यांच्या फळ्यांवर टोपल्या आल्या. प्रत्येक टोपलीत पेंढा, आणि कडेच्या टोपलीत चुन्याचं अंडं. खोटं अंडं दिसलं की कोंबडीला वाटतं, इथं आधी कुणी घातलंय, जागा भरवशाची आहे, आणि तीही तिथंच घालते. हे अंडं म्हाताऱ्यानं उरलेल्या गिलाव्यातून केलं होतं, पाण्यात घासून घासून गुळगुळीत केलं होतं. "ह्यातून पिल्लू निघालं तर माझं नाव ठेव," असं म्हणाला होता.

रोज न्याहारी झाली की म्हातारी खुराड्यात जायची, टोपल्या चाचपायची, अंडी ओच्यात घेऊन यायची. सून ती बेकरीत पोचवायची. ह्या वर्षी बटाट्याचं जे व्हायचं ते होत होतं, पण बेकरीची अंडी चुकली नव्हती. "माझ्या कोंबड्या घर चालवतात," असं म्हातारी म्हणायची. थोडं वाढवून म्हणायची, पण अगदीच खोटं नव्हतं. अलीकडं अंडी हाताला गार लागायची. हवाच तशी आहे, असं ती समजायची.

फौजदार गेला तर मात्र सगळं उघडं पडणार होतं. कोंबड्या कुठं चरतात, घार आली का, कोण परकं आवारात शिरलं, हे तिला कोण सांगणार? एकदा कोंबड्या हरवल्या, की लोक विचारणार, कशा हरवल्या? मग बसा.

म्हणून कोंबडा राहायला हवा होता. आणि कोंबडा राहायचा तर दोष सुनेचा ठरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडची भिंतीवर कोपर टेकवून उभी राहिली. तिच्या घरचं आवरलं की ती इथं यायची, जशी काही भिंत तिला नोकरीला लागली होती.

"देणार म्हणे फौजदाराला?"

"कुणी सांगितलं?"

"आता कुणी काय सांगायला पाहिजे? तुमचं भांडण काय घरात मावतं?" ती जवळ सरकली. तिचा आवाज खाली आला. "एक बोलू का? रागावू नकोस."

"तू बोलल्याशिवाय राहणार आहेस का?"

"तुझी सून सकाळी सकाळी खुराड्यात असते. तू उठायच्या आधी, तुझा मुलगा शेतावर गेला की. मी परसात असते ना, बघते. ओटी भरलेली असते तिची. मला वाटलं, तुला माहीत असेल."

म्हातारीनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"तिचा पगार का धंदा? हातात चार पैसे असावेत असं वाटत असेल पोरीला. वाटणारच. पण मागून घ्यावं माणसानं," भिंतीपलीकडची म्हणाली. "मी आपलं तुझ्यासाठी सांगितलं. माझ्या तोंडातून गेलं असं म्हणू नकोस."

"तुझ्या तोंडातून काय राहतं म्हणून हे राहील?" म्हातारी म्हणाली. पण तिच्या मनात ते जाऊन बसलं, आणि बसलं ते सुखानं बसलं. खरं सांगायचं तर तिला आधी वाईट वाटलं नाही, आधी बरं वाटलं. बुडत्याला काडी मिळाली. म्हणजे कोंबडा उगाच नव्हता धावत. तो चोरावर धावत होता.

रात्रीच्या जेवणाला तिनं ते काढलं. सून वाढत होती, लंगडत इकडून तिकडं जात होती.

"कोंबडा का धावतो ते कळलं मला," म्हातारी म्हणाली. "राखणदार आहे तो. अंड्यांना नको तो हात लागला की त्याला राहवत नाही."

"म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"म्हणजे तुझ्या बायकोला विचार, सकाळी ओटी कशानं भरलेली असते."

चमचा भांड्याला लागल्याचा आवाज झाला. म्हातारीला सुनेचे खांदे दिसत होते. ते हलले नाहीत.

"काय गं?" मुलगा बायकोकडं वळला. "काय म्हणते आई?"

"मला काय विचारता? त्यांनी बघितलंय ना, त्यांनाच विचारा," सून म्हणाली. "आई, तुम्ही बघितलंत मला? तुमच्या डोळ्यांनी?"

हे तिनं अगदी हळू विचारलं. तिनं मान तिरकी केली, पण तोपर्यंत सून चुलीकडं वळली होती.

"माणसं बघतात. सांगतात," म्हातारी म्हणाली.

"सांगोत."

एवढंच. सुनेनं कांगावा केला नाही, रडली नाही, भांडी आपटली नाहीत. चोर असा गप्प बसतो, असं म्हातारीनं मनाला समजावलं. पण अंथरुणावर पडल्यावरही ते "तुमच्या डोळ्यांनी" कानातून जाईना.

बाजाराचा दिवस उजाडला. मुलगा शेतावर जाताना खुराड्याची खालची झडप उघडायचा. ती वाजलेली ऐकली, त्याची पावलं चिखलातून चपक-चपक करत लांब गेली, तशी म्हातारी शाल गुंडाळून उठली. आज तिला स्वतः पकडायचं होतं. डोळ्यांनी नाही तर कानांनी. मुलगा दुपारी कोंबडीवाल्याला घेऊन यायच्या आत चोरी हातात हवी होती.

ती खुराड्यात शिरली आणि चुना कालवायचं जुनं मोठं घमेलं कडेवर उभं केलेलं होतं, त्याच्यामागं पाय मुडपून बसली. कोंबड्या बाहेर गेल्या होत्या. पिसांचा, ओल्या पेंढ्याचा आणि विष्ठेचा वास होता. म्हाताऱ्याच्या वेळी इथं चुन्याचा वास असायचा.

थोड्या वेळानं लांबून, कडब्याच्या गंजीकडून, फौजदाराचा आवाज आला. कॅक-कॅक-कॅक. जमिनीवरचा शत्रू. मग पंखांची फडफड, आणि सुनेचा आवाज.

"हो बाबा, हो. मीच. चोरच आहे मी. घे, मार... अरे, त्या पायाला नको रे. ह्या पायाला मार."

म्हातारीला कळेना. कोंबडा गंजीपाशी काय करतोय? अंडी तर इथं आहेत.

लंगडती पावलं जवळ आली. दाराशी थांबली. बराच वेळ थांबली. मग दार करकरलं आणि सून आत आली.

आता पेंढा खसखसेल, टोपलीतनं अंडी उचलली जातील, म्हणून म्हातारीनं कान टवकारले. उचललेल्या अंड्याचा आवाज तिला माहीत होता. पेंढा सुटतो तेव्हा हलकं चुरचुरतो. पण आवाज आला तो उलटा. पेंढा दबल्याचा. एका टोपलीत एक. पुढं सरकून दुसऱ्या टोपलीत. मग तिसऱ्या. सून अंडी घेत नव्हती. ठेवत होती.

म्हातारी तशीच बसली. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या की सगळ्या अंगाला, ते तिला सांगता आलं नसतं.

"आई," सून टोपल्यांकडंच तोंड करून म्हणाली, "चपला दारात काढून कुणी लपतं का?"

म्हातारीच्या जन्माची सवय. चिखलाच्या चपला ती कधी आत आणायची नाही, खुराडं असलं तरी.

तिनं घमेल्याच्या कडेला धरून उठायला बघितलं. उठवेना. सुनेनं हात दिला नाही. ती तिथंच, समोर पेंढ्यावर, दुखरा पाय सरळ करून बसली.

"हे कधीपासून?" म्हातारीनं विचारलं.

"तुम्ही बेकरीला चुन्याचं अंडं पाठवलंत तेव्हापासून."

"काहीतरी बोलू नकोस. ते अंडं कधी जागचं हललं नाही."

"हललंय. बेकरीत जाऊन आलंय. बेकरीवाल्यानं परातीच्या काठावर आपटलं, फुटेना. जोरानं आपटलं, फुटेना. मग मला म्हणतो, वहिनी, तुमच्या कोंबड्यांना काय सिमेंट घालता का?" सून हसली नाही, पण हसण्याच्या जवळ येऊन थांबली. "मी म्हटलं, गंमत केली. पदरात बांधून आणलं. गारपीट झाली होती बघा, गारठ्यानं तुमची बोटं सुजली होती. घाईत गेलं असेल. पण तेव्हा मला कळलं, की हे बोटांचं नाही. पांढऱ्याशुभ्र अंड्यांत ते पिवळट एकटंच होतं, आणि तुम्ही त्याच्याकडं बघून ओच्यात घातलं होतं."

म्हातारीचा हात ओच्याकडं गेला.

"ते मी लगेच परत ठेवायला हवं होतं. मी आधी विचार करत बसले, सांगू का नको. तोवर टोपली रिकामी बघून ह्या फौजदारानं बिऱ्हाड हलवलं. गंजीच्या पोकळीत जाऊन बसला आणि सगळ्यांना तिकडं बोलावून घेतलं. मग मी चुन्याचं अंडं ठेवलं, पण त्याचं मन बसलं ते बसलं. आता त्या तिकडंच घालतात, आणि मी तिथनं काढून आणते. त्याला वाटतं, ही रोज घर लुटते. त्याच्या जागी मी असते तर मीसुद्धा मारलं असतं."

म्हातारीनं हात लांब करून टोपली चाचपली. अंडं हाताला लागलं. गार. इतके दिवस गारच लागत होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

बाहेर झिमझिम थांबली होती. वळचणीचं पाणी मात्र ठिबकत होतं.

"मी काल रात्री तुला चोर म्हटलं," म्हातारी म्हणाली.

"म्हटलंत."

"तू गप्प का राहिलीस?"

"बोलले असते तर तुमच्या डोळ्यांचं निघालं असतं ना त्यांच्यासमोर," सून म्हणाली. "राग आला होता मला. अजून आहे. तो काही एवढ्यात जायचा नाही, सांगून ठेवते."

"असू दे," म्हातारी म्हणाली. "ठेव."

दुपारी कोंबडीवाला आला. सायकलच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या पेट्या, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी पावसासाठी. त्याच्यामागून मुलगा आला, गुडघ्यापर्यंत चिखल.

"कुठाय आरोपी?" कोंबडीवाला म्हणाला. "फौजदारालाच अटक, म्हणजे कलियुग आलं म्हणायचं."

कुणी हसलं नाही, तसा तो पेटीची कडी काढू लागला.

"राहू दे त्याला, आई," सून दारातून म्हणाली. "तुम्हाला लागतो तो. मी गमबूट घालून जाईन."

"बोटभर सूज वर चढलीय तुझी. गमबुटात पाय जाईल का?" म्हातारी मान तिरकी करून म्हणाली.

"मग खुराड्यात कोंडून ठेवू."

"कोंडलेला कोंबडा कोंबड्यांच्या काय कामाचा?" म्हातारी म्हणाली. "माणसाला एखादी गोष्ट सांगून कळते. कळते म्हणजे, कधीतरी. ह्याला कसं सांगणार, की तू बरोबर होतास आणि तीही बरोबर होती?"

मुलगा एकीकडून दुसरीकडं बघत होता. "काय चाललंय तुमचं? काल तर दोघी..."

"मला दिसत नाही," म्हातारी म्हणाली.

तिनं ते असं म्हटलं, जसं कुणी म्हणावं, मीठ संपलंय. कोंबडीवाल्याचा हात कडीवरच राहिला.

"समोरचं दिसत नाही. कडेचं दिसतं. बरेच दिवस झाले. ही गंजीतली अंडी काढून टोपलीत ठेवते आणि मी ती उचलून आणून मिरवते. कोंबडा तिला त्यापायी मारतो. झालं? आता विचारू नकोस काही."

मुलानं चिखलाचा हात पँटला पुसला आणि आईच्या खांद्यावर ठेवला. "आधी नाही का सांगायचं गं," तो म्हणाला. "एवढं सोसत बसलीस. आता तू काही करायचं नाहीस. नुसतं बसायचं." आणि कोंबडीवाल्याकडं वळून म्हणाला, "असं कर, सगळ्याच घेऊन जा. कोंबड्यापण. कुणी करायचं आता त्यांचं?"

आलंच ते. माया करतच आलं. म्हातारीला जावेच्या भिंतीवरचा डाग दिसला, आणि हा डाग तिला अगदी समोर, स्वच्छ दिसला.

"कोंबड्या जायच्या नाहीत," सून म्हणाली.

"अगं, पण..."

"त्या तुमच्या नाहीत, माझ्या नाहीत. आईंच्या आहेत. त्यांनी द्यायच्या असतील तर देतील." ती भिंतीला धरून उभी होती, आणि तिचा आवाज गोड नव्हता. "बसून बसून त्या माझंच डोकं खातील दिवसभर. मला नको घरात बसलेली सासू."

"मावशी, ठरवा काय ते," कोंबडीवाला म्हणाला. "आभाळ पुन्हा भरून आलंय."

"कोंबडा ने. कोंबड्या राहतील," म्हातारी म्हणाली.

फौजदार कुणाच्या हाताला आला नाही. मुलगा धावला, कोंबडीवाला जाळी घेऊन धावला, भिंतीपलीकडची भिंतीवरून दिशा सांगत राहिली. शेवटी म्हातारी आवाराच्या मध्यात गेली, मूठभर दाणे घेऊन खाली बसली आणि थांबली. तो आला. एक दाणा उचलला, टाकला, पुन्हा उचलला, आणि कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायला लागला. कोंबड्या आल्या. त्या खात असताना तो बाजूला उभा राहिला, आणि तेव्हा म्हातारीनं त्याला दोन्ही हातांनी उचललं. त्यानं पंखसुद्धा हलवला नाही. त्याच्या पायाची नखी तिच्या मनगटाला लागली. टाचणीसारखी टोकदार होती. त्याचं काळीज तिच्या तळव्यावर धडधडत होतं.

"ह्याला उलटा टांगायचा नाही," ती कोंबडीवाल्याला म्हणाली. "पोटाखाली हात घालून ने."

"तसा नेतो. पण मावशी, पुढं काय, ते तर तुम्हालाही..."

"ते मी विचारलं का तुला?"

सायकल चिखलातून ढकलत तो वळणापर्यंत गेला. तिथं कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला. आणि पेटीतून, जसं काही झालंच नाही, असा फौजदार आरवला. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मुलगा पुन्हा शेताकडं निघून गेला. बटाटे थांबणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आवारात आली आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. कोंबड्या होत्या, पण बोलवणारा नव्हता, तशा त्या चहूकडं पांगल्या होत्या. डागाच्या कडेनं तिला एखादं पिवळट काहीतरी हललेलं दिसायचं, मान वळवली की नाहीसं व्हायचं. घार आहे की नाही, ठाऊक नाही. गंजी कुठं, तेवढं आठवणीनं माहीत होतं. मधला ओहोळ पावसानं किती रुंदावलाय, ते माहीत नव्हतं. हातात रिकामी टोपली घेऊन ती उभी राहिली. तिला वाटलं, परत फिरावं. टेकून बसायला भिंत आहेच.

तेवढ्यात गंजीकडून आवाज आला. कुक-कुक-कुक.

आवाज कोंबड्याचा नव्हता. घसा माणसाचा होता, सुनेचा, त्यातून सर्दी झालेला, आणि ज्याला हे असलं करायची जन्मात सवय नाही, लाजही वाटते, असा. भिंतीपलीकडं कुणीतरी खुदकन हसलं. तो आवाज जरा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. कुक-कुक-कुक.

कोंबड्यांनी माना वर करून बघितलं आणि परत खाली घातल्या. एकही गेली नाही.

म्हातारी गेली.